कुठला पाय

“ऊठ,” बारंगुळे सर म्हणाले.

मी मातीत पालथी पडले होते. खांबावर सूर मारला होता, हातही नेमका पोचला होता, पळणारी पोरगी बाद होऊन बाजूला उभी होती. आणि त्याच क्षणी डाव्या मांडीच्या मागं कुणीतरी मांजरपाटाचं कापड टर्रकन फाडावं तसं झालं होतं. मला ते ओळखीचं होतं, म्हणूनच मी उठत नव्हते.

“सर, गेला. परत तोच.”

“काय गेला?”

“पाय.”

मग चौकात उकिडवी बसलेली आमची कर्णधार जयमाला म्हणाली, “निवड चाचणी आली ना जवळ. हिचा पाय बरोबर तारीख बघून धरतो.”

दोघीतिघी फिसकन हसल्या. सर हसले नाहीत, पण जयमालाला रागावलेही नाहीत. कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “वनिता, दुखणं तुझ्या पायात नाही. डोक्यात आहे.”

मी तेव्हा बार्शीत बी.ए.ला होते आणि खो-खो हेच माझं सगळं होतं. राज्याच्या संघात एकदा नाव लागलं की खेळाडूंसाठी राखलेल्या जागांवर नोकरीचा अर्ज करता यायचा. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, निवृत्ती जवळ आली होती, आणि माझ्यामागं दोन बहिणी होत्या. घरात कुणी मला तसं बोलून दाखवलं नव्हतं. बोलायची गरजही नव्हती.

पण हा सलग तिसरा हंगाम होता. दिवाळीनंतर सराव रंगात आला की पाय जायचा. मी झोपायचे, शेकायचे, तेल लावायचे, महिन्याभरात बरी व्हायचे. पुन्हा पळायला लागायचे, आणि नेमकी मोठ्या सामन्याच्या तोंडावर मांडी फाटायची. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म काढून उजेडात धरली आणि काही नाही म्हणून सांगितलं. विश्रांती घ्या. घेतली. पुन्हा तेच.

खरं सांगायचं तर जयमालाचं बोलणं मला लागलं ते वेगळ्याच कारणानं. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. सामना जवळ आला की मी स्वतःवर पाळत ठेवायचे. आता घाबरलेय का मी? आता पाय दुखायलाय तो खरंच, की मला दुखावासा वाटायलाय? माणूस स्वतःचाच असा विश्वास गमावून बसतो तेव्हा कुणाकडं तक्रार करायची तेही कळत नाही.

सूज ओसरून मी चालायला लागले तेव्हा सर घरी आले. आईनं चहा ठेवला. सर वडलांना म्हणाले, “सोलापूरला एक नवीन बाई आल्यात, फिजिओथेरपीच्या. खेळाडूंचं बघतात म्हणे. हिला घेऊन जातो. काय असंल ते तिथं कळंल. इंजेक्शनचं काम असलं तर इंजेक्शन घेऊ, नाहीतर...”

“नाहीतर काय?” आईनं विचारलं.

“नाहीतर हिला एकदा नीट बोलावं लागंल.”

सर वाईट नव्हते. कुणाच्या पायात धड बूट नसले की स्वतःच्या पगारातून आणायचे. परगावी सामन्याला गेलो की आम्ही जेवल्याशिवाय ताटावर बसायचे नाहीत. पण मैदानावर त्यांना एकच गोष्ट सहन व्हायची नाही, ती म्हणजे माघार. आणि माझी माघार त्यांना आता स्पष्ट दिसत होती.

सकाळच्या गाडीनं निघालो. सर खिडकीशी बसले. गाडी वैरागच्या स्टँडवर थांबली तसे बाहेर बघत म्हणाले, “इथंच दिलीय आमच्या स्वरूपाला.”

स्वरूपा म्हणजे सरांची एकुलती एक मुलगी. मी तिला फक्त व्यायामशाळेतल्या जुन्या फोटोत बघितलं होतं. संघाच्या मधोमध उभी, दोन वेण्या, हातात ढाल.

“भेटता का सर? गाडी दहा मिनिटं थांबंल.”

“नको.” जरा वेळानं ते म्हणाले, “तुझ्यापेक्षा चपळ होती ती. माझी पोरगी म्हणून सांगत नाही, तसली खेळाडू मी पुन्हा बघितली नाही. पण फायनल आली की पाय धरून बसायची. दुखतंय, दुखतंय. एक दिवस सोडूनच दिलं. मी म्हटलं, जिद्द नाही तर खेळू नये माणसानं. लग्न लावून दिलं.”

“मग?”

“मग काय. येती दिवाळीला.”

गाडी सुटली. ते सगळं ते मला उद्देशून बोलले होते की स्वतःशी, ते मला समजलं नाही. मला एवढंच कळलं की त्यांच्या मनात मी आणि ती एकाच रांगेत बसलो आहोत.

दवाखाना अशोक चौकाजवळ होता, एका चादरीच्या दुकानाच्या वर. शेजारच्या गल्लीतून यंत्रमागांचा खटखटाट येत होता. डॉक्टर पद्मजा यन्नम तिशीच्या असतील. बारीक बांध्याच्या, केस घट्ट बांधलेले. सर म्हणाले, “मी आत बसलो तर चालंल ना?” मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

मला वाटलं होतं त्या आधी दुखरी जागा दाबतील. त्यांनी तिथं हातच लावला नाही. म्हणाल्या, “खो-खोत बसता तशा बसून दाखवा.”

मी उकिडवी बसले, हात जमिनीला टेकवले, उजवा पाय मागं रेटून तयार ठेवला.

“उठा. सावकाश. परत बसा. आता पाय बदला. डावा रेटून उठा.”

मी उठायला गेले आणि चक्क बाजूला कलंडले. हसूच आलं मला.

“तसं कशाला उठायचं?” सर म्हणाले. “आमच्याकडं सगळ्या उजव्याच पायानं उसळी घेतात. मी बसवलंय तसं.”

“सगळ्या?”

“सगळ्या. वेळ वाचतो.”

मॅडमनी टेपनं माझ्या दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी डावीपेक्षा चांगलीच जास्त भरली. मग मला पाठीवर झोपवलं. गुडघे दुमडून, एक पाय वर उचलून, दुसऱ्या पायाच्या जोरावर कंबर वर करायची. उजव्या पायावर कंबर वर गेली आणि तिथंच थांबली.

“आता डावा. दुखलं तर लगेच सोडा.”

डाव्यावर ती अर्धीच गेली. एका बाजूला कलली, बैलगाडीचं चाक खड्ड्यात उतरावं तशी, आणि मांडीच्या मागं गोळा यायला लागला. मॅडमनी पटकन खाली हात दिला आणि मला टेकवलं. मग त्यांनी माझ्या कुल्ह्यावर दोन बोटं ठेवली.

“इथं काही ताण जाणवला?”

“नाही.”

“इथला स्नायू शरीरातला सगळ्यात दांडगा. उसळी घ्यायची, सूर मारायचा, थांबायचं, सगळं ह्यानं करायचं असतं. तुमचा डावीकडचा काम करतच नाही. त्याचं काम मांडीमागचा एकटा करतो. स्वतःचंही आणि ह्याचंही. सरावाला तेवढं निभतं. सामन्यात जोर लागला की फाटतो.”

सर पुढं सरकले. “म्हणजे हिला दुखतंय ते खरंय?”

मॅडम त्यांच्याकडं बघत राहिल्या. “खोटं आहे असं कोण म्हणालं?”

सर मागं सरकले.

“हाडाच्या डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं होतं,” मी म्हटलं.

“हाडाला काही नाहीच. आणि फाटलेला स्नायू भरून येतो. तुमचा दरवेळी भरून आलाय. पण ज्यामुळं फाटतो ते तसंच राहिलंय. छत गळायलंय आणि तुम्ही दरवर्षी फरशी पुसताय.”

“इंजेक्शननं नाही भागणार?” सरांनी विचारलं. “निवड चाचणी आहे तिची.”

“इंजेक्शननं दुखणं कळायचं बंद होईल. मग ती पूर्ण जोरानं पळेल. आणि ह्या वेळी जे फाटेल ते मला भरून आणता येईल की नाही, सांगता येत नाही.”

सर उठून उभे राहिले. “मॅडम, पंचवीस वर्षं मी पोरी घडवायलोय. उठाबशा काढून घेतो, जिने चढवतो. ह्यांच्या मांड्या बघा, लोखंड आहे.”

“पुढून आहे,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “मागून नाही. उठाबशांनी पुढचा स्नायू दणकट झाला, मागच्याकडं कुणी बघितलं नाही. त्यात उसळी एकाच पायानं. म्हणजे पुढं-मागं फरक आणि डाव्या-उजव्यातही फरक. तुमच्या संघात आणखी कुणाचा असा पाय गेलाय का?”

सरांनी नाही म्हणायला तोंड उघडलं असावं. पण मीच बोलले. “शबानाचा गेला होता. तिनं मागच्या वर्षी सोडलं. त्याच्या आधी अर्चना.”

“कुठला पाय?”

“डावा. दोघींचाही डावा.”

बाहेर माग चालूच होते. सर खाली बसले. बराच वेळ त्यांनी भिंतीवरच्या स्नायूंच्या तक्त्याकडं बघितलं. मग अगदी वेगळ्या आवाजात विचारलं, “हे जुनं असलं तरी कळतं का? पाच-सहा वर्षांपूर्वीचं? सुधारतं?”

“कळतं. सुधारतं पण. वेळ जास्त लागतो.”

मी तोवर रडायला लागले होते. मॅडमनी मला टॉवेल दिला. त्यांना वाटलं निवड चाचणी हुकणार म्हणून रडतेय. खरं कारण मला सांगता आलं नाही. माझी चाचणी हुकणार होती, वर्ष जाणार होतं, आणि मला मात्र डोक्यावरून पाण्याची घागर उतरवल्यासारखं वाटत होतं. मी घाबरट नव्हते. माझ्या मांडीतला एक स्नायू झोपला होता, एवढंच. त्याला उठवायचं होतं.

परतीच्या गाडीतही सर खिडकीशीच बसले. वैराग आलं तसे एकदम उठले. कंडक्टरला म्हणाले, “ह्या पोरीला बार्शीच्या स्टँडवर नीट उतरवा.” आणि मला म्हणाले, “तू हो पुढं. मी मागनं येतो.” स्टँडवरच्या दुकानात केळी घेताना ते मला खिडकीतून दिसले. मग गाडी वळली.

घरी व्यायाम सुरू झाला. सतरंजीवर उताणं पडायचं, एका पायावर कंबर उचलायची, धरून ठेवायची, सोडायची. आई दारात उभी राहून बघायची. “अगं, हे एवढ्यासाठी सोलापूरला गेलतीस? ढुंगण वर-खाली करायला?” बहिणी हसून लोळायच्या. पहिले कितीतरी दिवस कंबर वर जाताना मांडीमागचाच गोळा यायचा. मग एका सकाळी पहिल्यांदा मॅडमनी बोटं ठेवली होती तिथं दुखलं. वेगळं, गोड दुखणं. मी आईला हाक मारली, “आई, दुखायलं! बरोबर जागी दुखायलं!” आईला वाटलं पोरगी बिघडली.

मैदानावर मी पहिल्यांदा परत गेले ती नुसती बसायला. सरांनी सगळ्यांना अर्धगोलात बसवलं. म्हणाले, “वनिताचा पाय खरंच गेलाय. त्या दिवशी जयमाला बोलली आणि मी ऐकून घेतलं. तिची चूक नाही, ती माझंच बोलत होती. चुकलो मी होतो.” जयमालानं मान खाली घातली. आम्ही सरांना कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. कुठं बघावं तेच कळेना.

“आजपासून दोन्ही पायांनी उसळी,” सर म्हणाले. “खांबावर दोन्ही बाजूंनी सूर. आणि मांडीच्या मागचे व्यायाम वनिता शिकवील.”

“सर, डाव्यानं उठताना वेळ जातो,” जयमाला म्हणाली. “स्पर्धा तोंडावर आहे.”

“जाऊ दे वेळ.”

आणि गेलाच. त्या वर्षी आमचा संघ दुसऱ्याच फेरीत हरला. जिल्ह्यात कितीतरी वर्षांत असं झालं नव्हतं. बारंगुळे आता म्हातारे झाले, असं लोक चहाच्या गाड्यावर उघड बोलायला लागले. संस्थेच्या अध्यक्षांनी त्यांना बोलावून घेतलं. काय झालं ते सरांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मैदानावर आले आणि म्हणाले, “चला, डावा पाय.”

उन्हाळ्यात मी तपासणीला एकटीच सोलापूरला गेले. दवाखान्याचा पडदा अर्धा सरकलेला होता. बाहेर बाकावर बारंगुळे सर बसले होते. मांडीवर तीन-चार वर्षांचा एक मुलगा. तो सरांच्या चष्म्याची काडी ओढत होता आणि सर ओढू देत होते.

“आलीस?” ते म्हणाले. “बस. आत स्वरूपा आहे.”

पडद्याआडून मॅडमचा आवाज येत होता. “आता डावा. दुखलं तर सोडा.” मग मॅडम म्हणाल्या, “बघा, मागच्या वेळेपेक्षा वर गेली. इथं ताण जाणवतो?”

“जाणवतो,” एक बाईचा आवाज आला. “थोडा. पण जाणवतो.”

सरांनी डोळे मिटून घेतले.

स्वरूपा बाहेर आली. फोटोतल्या वेण्या नव्हत्या, पण चेहरा तोच होता. माझं नाव ऐकल्यावर माझ्याजवळ येऊन बसली. सर मुलाला घेऊन उसाचा रस पाजायला खाली गेले तेव्हा ती बोलली.

“त्या दिवशी तुला गाडीत सोडून आबा घरी आले. मी भाकरी करत होते. दारात उभे राहिले. चप्पल काढली नाही, पाणी घेतलं नाही. म्हणाले, ‘स्वरू, तुझा पाय कुठला दुखायचा?’”

तिनं डाव्या मांडीवरून हात फिरवला.

“मी म्हटलं, ‘डावा. आणि दुखायचा नाही आबा, अजून दुखतो.’ बाळंतपणानंतर तर जास्तच. पोराला कडेवर घेऊन जिना चढता यायचा नाही. सासरी म्हणायचे, नाटकी आहे. मी कुणाला दोष देऊ? माझ्या बापानंच तसं सांगून पाठवलं होतं. पण एवढ्या वर्षांत कुणी मला कुठला पाय म्हणून विचारलं नव्हतं. तव्यावरची भाकरी जळाली. आबा तिथंच उंबऱ्यात बसले आणि म्हणाले, ‘तू खोटं बोलत नव्हतीस.’ मी म्हटलं, ‘नव्हते.’ ते पुन्हा म्हणाले, ‘नव्हतीस.’ सासूबाई बघत उभ्या. मग त्यांनीच माझ्या हातातलं उलथनं घेतलं.”

ती हसली. मग मला म्हणाली, “आता रोज सकाळी सासूबाई विचारतात, व्यायाम झाला का?”

पुढच्या हंगामात मी पहिल्यापासून खेळले. निवड चाचणीच्या सामन्यात खांबावर दोनदा सूर मारला, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. सामना संपून पाणी प्यायला बसले तेव्हा लक्षात आलं, मधल्या सगळ्या वेळात मला पाय आठवलाच नव्हता. मी जयमालाला तसं सांगितलं. ती म्हणाली, “मला आठवला होता. तू सूर मारलास की मी डोळे मिटत होते.” मग आम्ही दोघी उगाचच खूप वेळ हसलो.

नाव लागलं. नोकरीही पुढं लागली. आज मी ज्या शाळेत खेळाची शिक्षिका आहे तिथं पोरी दोन्ही पायांनी उठतात. पण त्या हंगामातला मला आठवतो तो निवडीचा दिवस नाही. त्यानंतरचा एक रविवार आठवतो. आम्ही आपसातच खेळत होतो, आणि स्वरूपा मुलाला घेऊन मैदानावर आली. माहेरी राहायला आली होती, दिवाळी नसताना. तिनं मुलाला सरांच्या कडेवर दिलं, साडीचा पदर खोचला आणि म्हणाली, “आबा, मला एकदा चौकात बसू द्या.”

“डॉक्टर काय म्हणाल्या?”

“पळा म्हणाल्या.”

सरांनी जयमालाला मानेनं खूण केली. जयमाला आपल्या जागेवरून उठली आणि स्वरूपा तिथं जाऊन उकिडवी बसली, माझ्याकडं पाठ करून. डावा पाय रेटून. तिचे खांदे वर-खाली होताना दिसत होते. डाव सुरू झाला. मी पाठलाग करत खांबाला वळसा घालून आले, पळणारी पोरगी समोरून पलीकडं सटकली, आणि मी स्वरूपाच्या मागं पोचले. तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ओरडले, “खो!”

ती उठली. पहिली दोन-तीन पावलं तिनं जपून टाकली. पुढची नाही.